पातेऱ्यातला कस्तूर

आमच्या आईने आम्हा भावंडांना अक्षरओळख होण्याआधी एक धडा पक्का करून घेतला होता. पातेऱ्यात खसखस ऐकू आली की पाय आहे तिथेच थांबवायचा. पुढे टाकायचा नाही, मागे घ्यायचा नाही, आधी बघायचं.

राजापूर तालुक्यातल्या नाटे गावात वाढलेल्या कुणालाही हा धडा नवा नाही. आंब्या-फणसाची गळून सुकलेली पानं म्हणजे आमचा पातेरा, आणि त्यात फुरसं, एक विषारी साप, पडलेलं असतं. रंग पानांचा, नक्षी पानांची, लांबी हातभर. डिवचलं तर वेटोळं करून ते अंगावरचे खवले एकमेकांवर घासतं आणि लहान करवत चालावी तसा आवाज येतो. इंग्रजी अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला सरकारी इनाम मिळत असे. १८६२ सालच्या डिसेंबरात ते इनाम वाढवलं, तेव्हा अवघ्या आठ दिवसांत लाखाहून जास्त फुरशी जमा झाली. आईला हा आकडा ठाऊक नव्हता. तिला तिच्या आईने सांगितलेलं ठाऊक होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

शिक्षिकेच्या नोकरीतून सुटल्यावर मी वर्षातले पाच-सहा महिने नाट्याला येऊन राहते. घर बाजारपेठेच्या मागच्या चढावर आहे. मागीलदारी एक थोराड रायवळ आंबा, दोन फणस, रातांब्याची तीन झाडं आणि गडग्याला लागून एक उंबर. तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी विहिरीवर निघाले होते आणि रातांब्याखाली खसखस झाली. हातातली बादली तशीच धरून मी थांबले. आवाज थांबला. पुन्हा आला. पुन्हा थांबला. साप असा हप्त्याहप्त्याने वाजत नाही, त्याची सरसर सलग असते. मग दोन पानं उडाली. वाऱ्याने उडतात तशी नाही, खालून कुणी भिरकावल्यासारखी. आणि बुंध्याआडून एक नारिंगी-पिवळी चोच बाहेर आली.

पक्षी साधारण साळुंकीएवढा होता. त्याच्याकडे बघताना माझ्या डोळ्यांनी पहिल्यांदा तीनच गोष्टी टिपल्या. चोच, डोळ्याभोवतीचं पिवळं कडं आणि डोक्यावरची काळी टोपी. टोपी अगदी बेताने घातलेली, कपाळापासून मानेच्या वरच्या काठापर्यंत. तिच्याखाली मानेभोवती फिकट राखी-तपकिरी पट्टा, आणि बाकी अंग पाटीच्या दगडाच्या रंगाचं. पंख आणि शेपटी पुन्हा काळपट. पाय पिवळे. एक उडी, दोन उड्या, मग थांबून मान तिरकी. मी हलले नाही तोवर तो माझ्याकडे दुर्लक्ष करत राहिला. मी बादली खाली ठेवली, त्या कडीचा आवाज झाला, आणि तो ‘चक्‌ चक्‌ चक्‌’ करत गडग्यावरून पलीकडच्या काजूत शिरला. गडग्यावर क्षणभर टेकला तेव्हा शेपटी हळूच वर उचलून खाली आणली.

हा कस्तूर. इंग्रजीत त्याला इंडियन ब्लॅकबर्ड म्हणतात. इंग्रजी पहिलीच्या बालगीतात चोवीस ब्लॅकबर्ड शिजवून राजापुढे ठेवतात, ते मी तीस वर्षं मुलांना शिकवलं. मुलं विचारत, ‘बाई, ब्लॅकबर्ड म्हणजे कावळा का?’ मी म्हणे, ‘नाही रे, तो तिकडचा काळा पक्षी.’ तिकडचा, म्हणजे इंग्लंडचा. त्याचा चुलतभाऊ माझ्या माहेरच्या रातांब्याखाली दर हिवाळ्यात पानं उलटत होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. या लेखाची सुरुवात त्या हुरहुरीतून आहे.

आमच्याकडे काळ्या पक्ष्यांची वाण नाही. तारेवर बसून शेपटीच्या दोन टोकांनी ओळख पटवणारा कोतवाल आहे. उन्हाळाभर डोकं उठवणारा कोकीळ आहे. काळ्या-पांढऱ्या अंगाचा, परसात शेपटी उभारून गाणारा दयाळ आहे. लाल डोळ्यांचा, विटकरी पंखांचा कुंभारकुकडा आहे, ज्याचं दर्शन सकाळी झालं तर कामाला निघणारा माणूस खूश होतो. या सगळ्यांना गावात नाव आहे, कारण ते समोर येतात किंवा शकुन सांगतात. कस्तूर समोर येत नाही, शकुन सांगत नाही, पिकाला तोंड लावत नाही. शेजारच्या काकांना मी त्याचं वर्णन करून नाव विचारलं. पन्नास वर्षं कलमांत काम केलेला माणूस. ते म्हणाले, ‘तो पानां उलटणारा ना? रोज बघतो मी त्याला. नाव कशाला लागतंय, तो काय वाईट करत नाय.’ गावाने त्याला नाव दिलं नाही, पण त्याचं काम बरोबर हेरून ठेवलं होतं.

मराठी पक्षिनामांचा मोठा साठा मारुती चितमपल्ली यांनी रानोमाळ फिरून, आदिवासींशी आणि पारध्यांशी बोलून गोळा केला. ‘पक्षी कोश’ हे त्या श्रमाचं फळ. २०२५च्या जूनमध्ये ते गेले. आपल्या भाषेत पक्ष्याला नाव आहे याची खात्री करायची तर आजही त्या कोशाचंच पान उलटावं लागतं. कस्तूर हे नाव मात्र एकट्या याचं नाही, ते एका कुळाचं आहे, आणि त्या कुळातल्या भावंडांची गाठ पुढे पडेलच.

यात एक मौज आहे. आमचा ब्लॅकबर्ड काळा नाही. सह्याद्रीच्या उत्तर भागात राहणाऱ्या या उपजातीचं शास्त्रीय नाव ‘नायग्रोपायलियस’, म्हणजे काळ्या टोपीचा. दक्षिणेला निलगिरीत जावं तर कस्तुराचा रंग गडद होतो. श्रीलंकेच्या डोंगरात तो निळसर राखाडी दिसतो. मादी सगळीकडे तपकिरी, गळ्यावर पुसट रेघा, आणि टोपीची ऐट तिच्याकडे नाही. हिवाळ्यातल्या पातेऱ्यात ती बसलेली असली तर पान कुठलं आणि पाखरू कुठलं, हे ती हलेपर्यंत कळत नाही. फुरशाने वापरलेली युक्ती तीच, फक्त हिच्या बाजूला ती जीव वाचवायला आहे.

थॉमस जर्डन हा मद्रास फौजेतला डॉक्टर होता. निलगिरीतल्या या पक्ष्याचं १८३९ साली त्याने शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं ‘टर्डस सिमिलिमस’. सिमिलिमस म्हणजे अगदी सारखा. कुणासारखा, तर त्याच्या मायदेशातल्या ब्लॅकबर्डसारखा. घरापासून हजारो मैलांवर, डोंगरातल्या धुक्यात, त्या माणसाला ओळखीची चोच आणि ओळखीचं गाणं भेटलं आणि त्याने ते साम्यच नावात बांधून ठेवलं. पुढे पुष्कळ वर्षं आपल्या कस्तुराला युरोपातल्या ब्लॅकबर्डचीच एक उपजात समजत. आता शास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र जातीचा मान दिला आहे. नाव मात्र जर्डनचंच राहिलं.

युरोपातला तो नर सर्वांगाने काळाकुळकुळीत, चोच आणि डोळ्याचं कडं पिवळंजर्द. मादी तिथेही तपकिरी. स्वीडनने १९६२ साली त्याला राष्ट्रीय पक्षी मानलं. एकोणिसाव्या शतकात तो रानातून शहरांत आला, त्याआधी बुजरा वनपक्षी म्हणूनच त्याची ख्याती होती. आज लंडन, बर्लिन, व्हिएन्नाच्या गल्ल्यांत तो घराच्या पन्हळीवर बसून गातो. व्हिएन्ना शहरातल्या आणि शेजारच्या जंगलातल्या ब्लॅकबर्डची गाणी संशोधकांनी २००९ साली ताडून पाहिली, तेव्हा शहरातल्यांचा सूर चढा निघाला. रहदारीच्या घरघरीत खालचे सूर बुडून जातात, चढे वाचतात. गाणाऱ्याला शहराने पट्टी बदलायला लावली, असं यातून वाटतं, जरी कारणं आणखीही असतील.

माझी भाची लंडनला असते. भावाची मुलगी, नाट्याच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. गेल्या चैत्रात तिने फोनवर एक आवाज पाठवला. ‘आत्या, पहाटे चारला हा आमच्या खिडकीबाहेर सुरू होतो. झोपू देत नाही, पण बंद झाला की चुकल्यासारखं वाटतं. हा कोण?’ मी सांगितलं, ब्लॅकबर्ड. तिने लगेच विचारलं, ‘आपल्याकडे आहे?’ मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, ‘मग त्याचं गाणं पाठव.’

इथे मी अडले. कारण नाट्याला कस्तूर गात नाही.

त्याची गोष्ट अशी. घाटमाथ्यावरचे आणि घाटउतारावरचे कस्तूर पावसाळ्यात डोंगरात वीण करतात आणि थंडीत पसरतात. काही दक्षिणेला जातात, काही खालच्या मुलखात उतरतात. नाट्यासारख्या किनाऱ्यालगतच्या गावात तो दिसतो तो या उतरण्यातला. त्या काळात त्याला गाण्याचं कारण नसतं. गाणं ही हद्द राखण्याची आणि जोडीदारीण मिळवण्याची गोष्ट, आणि थंडीत त्याला दोन्ही नको असतात. त्याला फक्त पोट भरायचं असतं, तेही गुपचूप. आम्हाला मिळतो तो मुका कस्तूर.

पोट भरण्याची त्याची रीत मी तीन हिवाळे जवळून पाहिली. खिडकीला गोणपाट लावून, त्याच्या फटीतून. तो आधी दोन-तीन उड्या मारतो आणि थांबतो. मान एका अंगाला कलते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने जमिनीकडे नीट बघायला त्याला एक डोळा खाली लावावा लागतो. पण फक्त डोळाच का? १९९७ साली कॅनडातल्या दोन संशोधकांनी याच कुळातल्या अमेरिकन रॉबिनवर प्रयोग केले. मातीत लपवलेली अळी दिसू नये, तिचा वास येऊ नये, हादरा पोचू नये अशी व्यवस्था केली, तरी रॉबिनने ती शोधून काढली. शेवटी उरला तो कान. मातीच्या आत अळी सरकते तो आवाज त्याला ऐकू येतो. हे वाचल्यापासून कस्तुराची कललेली मान मला वेगळी दिसू लागली. आमच्या रातांब्याखाली तो उभा राहतो तेव्हा सगळी बाग निवांत असते, आणि तो मात्र एका गजबजलेल्या घराच्या छपरावर उभा असतो.

मग चोच पानाखाली जाते आणि मान झटकली जाते. पान फूटभर लांब पडतं. उघड्या झालेल्या ओल्या मातीत किडा, अळी, गांडूळ, लहानशी गोगलगाय जे हालेल ते टिपलं जातं. एका जागचं काम झालं की तो दुसरीकडे जातो आणि मागे मातीचा एक मोकळा, वाटीएवढा डाग उरतो. सकाळी बागेत गेलं की असे डाग दिसतात. शेजारचे काका त्यावरून तो येऊन गेला की नाही ते सांगतात, पाखरू न बघता.

दुपारकडे तो वर चढतो. उंबर पिकला असेल तर उंबरावर, नाहीतर गडग्याबाहेरच्या घाणेरीत. घाणेरीची काळी फळं त्याला फार आवडतात, आणि हे सांगताना मला जड वाटतं, कारण घाणेरी हे बाहेरून आलेलं, आमच्या सड्या-उतारावर माजलेलं झुडूप आहे आणि तिचं बी पसरवण्यात कस्तुराचाही हात आहे. तो तिचं बी पेरतो तसं उंबराचंही पेरतो. गावातल्या यशवंतगडाच्या चिऱ्यांच्या तटात जागोजाग वड-उंबर उगवले आहेत, त्यांना कुणी माणसाने लावलेलं नाही. फळ खाणाऱ्या पाखरांनी लावलंय. तटाच्या दृष्टीने ते वाईट, मुळं चिरा फोडतात. पाखराला तट आणि रान यांतला भेद ठाऊक नाही. गडाच्या आतली दाट सावलीची झाडी मात्र नाट्यातली कस्तूर बघायची सगळ्यात चांगली जागा आहे. खाली जैतापूरच्या खाडीवरून होडीच्या इंजिनाचा आवाज येत असतो, आत पानं उडत असतात.

या मुलखातल्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी जी. डब्ल्यू. व्हिडाल या सनदी अधिकाऱ्याने केली. ‘दक्षिण कोकणातले पक्षी’ या विषयावरची त्याची जवळजवळ शंभर पानांची यादी १८८० साली ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये आली. हे नियतकालिक चालवत होते ए. ओ. ह्यूम, ज्यांचं नाव आपण पाच वर्षांनी स्थापन झालेल्या काँग्रेसमुळे शाळेत पाठ केलं. व्हिडालला दोन गोष्टींचा ध्यास होता, पक्षी आणि साप. मुंबई इलाख्यात सर्पदंशाने मरणाऱ्यांच्या सरकारी नोंदी कच्च्या आहेत आणि लहानशा फुरशाकडे हवं तितकं लक्ष जात नाही, हे त्याने पुढे १८९० साली मांडलं. खाडीतल्या कांदळवनात बसणाऱ्या पांढऱ्या कॉलरच्या खंड्याची जी उपजात रत्नागिरीपासून दक्षिणेकडे सापडते, तिला त्याचंच नाव आहे, ‘विडाली’. ज्या माणसाने आमच्या पातेऱ्यातला साप आणि पातेऱ्यातलं पाखरू दोन्ही मांडीवर वही घेऊन नोंदवलं, त्याची आठवण गावात कुठेच नाही, याचं मला वाईट वाटतं. ‘ईएचए’ या नावाने लिहिणारे एडवर्ड एटकिन, साताऱ्यात जन्मलेले आणि १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्यांपैकी एक, तेही मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात नोकरी करत रत्नागिरीत राहून गेले. किनाऱ्याकडे अशी डोळस माणसं येऊन गेली. आपण मात्र आंब्याच्या पेटीपलीकडे बागेतलं फारसं काही मोजलं नाही.

भाचीला गाणं पाठवायचं तर मला डोंगर चढावा लागणार होता. आषाढात मी राजापूरला गेले, तिथून ओणी, पाचल करत अणुस्कुऱ्याच्या वाटेला लागले. हा घाट राजापूर तालुक्याला कोल्हापूरकडे नेतो. अर्जुना नदी याच डोंगरांतून निघते, राजापूर शहराशी कोदवलीला घेते आणि नाट्याच्या पायथ्याशी खाडी होऊन समुद्राला मिळते. एसटीच्या खिडकीतून पाणी खाली जाताना दिसत होतं आणि मी उलट्या दिशेने वर जात होते. कस्तुराची वाटही याच डोंगराकडून आमच्या किनाऱ्याकडे उतरणारी. हा विचार मला त्या दिवशी एसटीत सुचला आणि अजून सुटलेला नाही.

पायथ्याच्या एका वाडीत रात्र काढली. लावणीचे दिवस. घरातल्या बाईंना मी आवाजाची चौकशी केली. त्या म्हणाल्या, ‘तो वय? पावसात वरडतो तो. तरवा काडताना आयकतो ना आमी. उजाडायच्या आदी लागतो.’ नाव त्यांच्याकडेही नव्हतं. वेळ मात्र बरोबर होती.

पहाटे आधी ऐकू आला तो दुसराच. ओढ्याच्या घळीतून माणसासारखी शीळ. निवांत, भरकटणारी, सूर धरून मध्येच सोडून देणारी. हा निळा शीळकरी कस्तूर. काळपट निळा, कपाळावर आणि खांद्यावर चमकता निळा पट्टा. इंग्रजांनी याला ‘शीळ घालणारा शाळकरी मुलगा’ म्हटलं होतं, आणि ते नाव इतकं चपखल आहे की शीळ ऐकून मी सवयीने वाटेवर मुलगा शोधला. कुळातला तिसरा भाऊ नारिंगी डोक्याचा. त्याच्या पांढऱ्या गालावर दोन उभ्या गडद रेघा असतात आणि तो इतर पाखरांच्या नकला हुबेहूब करतो. तो सावलीच्या बागांत, देवराईत राहतो आणि पानं उलटण्याचा धंदा त्याचाही आहे.

उजाडताना, पाऊस जरा ओसरल्यावर, टेकाडावरच्या एका उंच झाडाच्या शेंड्यावरून आमचा कस्तूर सुरू झाला. हिवाळ्यात ज्याला मी गोणपाटाच्या फटीतून खाली वाकून बघत होते, तो इथे सगळ्यात वरच्या फांदीवर, उघड्यावर, मान वर करून बसला होता. एक चरण घ्यायचा, दोन-अडीच सेकंदांचा, गोल आणि भरदार. त्याच्या शेपटाला बारीक किरकिर जोडायची. मग थांबायचं. आमच्याकडे भजनात बुवा चरण टाकून थांबतो, मागचे उचलतील म्हणून, तेवढंच थांबायचं. पुढचा चरण पहिल्यासारखा नाही, थोडा फिरवलेला. तिसरा आणखी वेगळा. त्याच्या थांबण्यात पलीकडच्या उतारावरून दुसऱ्याचा चरण आला तेव्हा मला थांबण्याचं कारण कळलं. दोघांच्या मधली दरी धुक्याने भरली होती, हद्द दिसत नव्हती, पण दोघांना ती ठाऊक होती.

या काळात मादी घरट्यात असते. बारीक मुळं, धागे, शेवाळ यांचं वाटीसारखं घरटं, चिखलाने लिंपलेलं, झुडपात किंवा लहान झाडावर फार उंच नाही असं. आत साधारण तीन-चार अंडी, फिकट निळसर हिरवी, त्यांवर तांबूस तपकिरी ठिपके. पावसातच वीण का, याचं उत्तर पायाखाली होतं. भिजून मऊ झालेली जमीन आणि वर आलेली गांडुळं. पिल्लांना भरवायला याहून भरली कोठी वर्षात दुसरी नाही. मी घरटं शोधायला गेले नाही. माणसाची पावलं ज्या घरट्याशी जातात, त्या वाटेने मुंगूसही जातं.

आवाज टिपायला फोन बाहेर काढला आणि सर पुन्हा आली. टिपलं गेलं ते पत्र्यावरचं पाणी. दोन दिवस थांबले, दोन्ही दिवस तेच. तिसऱ्या दिवशी उतरले.

आता मूळ मुद्द्यावर येते, म्हणजे पातेऱ्यावर.

कस्तुराला आमच्या गावात हवं काय? घरटं नको, गाण्याला शेंडा नको. त्याला सावली हवी आणि सावलीखाली न उचललेली, न जळलेली पानं हवीत. जुन्या रीतीत पातेरा गोळा होत असे, नाही असं नाही. भाताच्या तरव्याआधी जमीन भाजायची, त्या भाजावळीला कवळं, शेण, पातेरा लागे. बायका झापाने, दोरीने पातेऱ्याचे भारे आणत. पण ते हाताचं काम होतं. हात जिथवर पोचत तिथवरच उचल होई, उतारावरची, घळीतली, देवराईतली पानं राहत. आज भातशेतीच कमी झाली, भाजावळही कमी झाली, तेव्हा पातेरा वाढायला हवा होता. तसं झालं नाही. कलमांची बाग ‘स्वच्छ’ दिसली पाहिजे हा नवा आग्रह आला. पोफळी-रातांबा-फणसाची मिसळ जाऊन एकसारखी कलमं आली. ग्रासकटर फिरतो, पानं एका कोपऱ्यात लोटतात आणि काडी लावतात. थंडीत संध्याकाळी नाट्याहून आंबोळगडाकडे चालत जावं, रस्त्याच्या दुतर्फा धूर उभा असतो.

बागवाल्याची बाजू मला कळते. माघ-फाल्गुनात सड्यावरचं गवत वाळून कोळ होतं, एक ठिणगी पडली की वणवा कलमांत शिरतो आणि वीस वर्षं वाढवलेली झाडं एका दुपारी होरपळतात. आमच्या भावकीतल्या एका बागेचं हे झालंय. ज्याचं वर्षाचं पोट त्या झाडांवर आहे त्याला ‘पाखरासाठी पानं राहू दे’ असं सांगायला मी धजावणार नाही. पण वणव्यासाठी लागतो तो हद्दीवरचा साफ पट्टा, जाळरेषा. झाडाच्या बुडाशी पानं जाळावी लागत नाहीत. ती तिथेच राहिली तर ओल धरतात, कुजून माती होतात, आणि गवतही दडपतात. विकत आणलेलं खत एका हाताने घालायचं आणि फुकटचं दुसऱ्या हाताने पेटवायचं, यात शहाणपण नाही हे आमच्या शेजारच्या काकांना कुणी शिकवावं लागलं नाही. त्यांच्या तीस कलमांखाली कधीच काडी लागलेली नाही. कडेने मात्र सहा पावलं रुंद पट्टा ते दर पौषात स्वतः उभं राहून साफ करून घेतात. कस्तूर आमच्या गडग्यावरून उडतो तेव्हा तिथेच जातो.

फुरशाचं काय, असं मला गावात दर वेळी विचारतात. प्रश्न खरा आहे, मी तो झटकून टाकत नाही. घराभोवतीची दहा-पंधरा पावलं मीही झाडून लख्ख ठेवते. विहिरीच्या वाटेवर पान राहू देत नाही. रात्री विजेरीशिवाय बाहेर पडत नाही. त्या पलीकडे, रातांब्यांखाली, जाताना पायात बूट घालते आणि काठी आपटत जाते. त्या जागेवर तीन वर्षांत झाडू लागलेला नाही. पानांचा थर आता घोट्यापर्यंत आहे, वरचा कुरकुरीत, खालचा काळा आणि ओला. हात घातला तर पावसानंतरच्या मातीचा वास मार्गशीर्षातही येतो.

गेल्या हिवाळ्यात त्या तिथे दोन कस्तूर होते. एक टोपीवाला नर, एक तपकिरी मादी. एकमेकांपासून लांब, एकमेकांकडे न बघता, आपापली पानं उलटणारे. फाल्गुनात शिमग्याची पालखी घरी आली तोवर ते होते. ढोल वाजले, माणसं जमली, दोघे गडग्याबाहेर गेले आणि संध्याकाळी परत आले. मग चैत्राच्या सुरुवातीला एका सकाळी जमिनीवर ताजे डाग नव्हते. दुसऱ्या सकाळीही नव्हते.

जाण्याआधी, माघातल्या एका पहाटे, मी फोन गोणपाटाच्या फटीत ठेवून आवाज टिपला होता. गाणं नव्हतंच. चाळीसेक सेकंद पानं वाजतात, थांबतात, वाजतात. मधे एकदा ‘चक्‌’. लांबून साखरी नाट्याच्या बंदरावरून येणाऱ्या एका होडीची घरघर. तो तुकडा भाचीला पाठवला आणि खाली काही लिहिलं नाही.

तिथे रात्र होती. उत्तर दोन मिनिटांत आलं. ‘आत्या, जपून गो. पाय हलवू नकोस. आधी बघ.’